पंगतीला बोलावणारे, पण पंगतीला न जाणारे

(लोणी भापकर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजचा प्रश्न साधा आहे. कॅथलिक माणसाने दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या उपासनेत किती भाग घ्यावा? या गावात तो कोणाला कोड्यासारखा वाटेल. इथे मल्लिकार्जुनाच्या मंदिर-परिसरात विष्णूचा यज्ञवराह आहे. महादेवाला आलेला माणूस वराहालाही हात जोडतो, त्याला कोणी अडवत नाही. मग एकाच येशूला मानणाऱ्यांमध्ये ही अडचण कशाला?

पण हात जोडणे वेगळे आणि पंगतीला बसणे वेगळे, हे आपल्याला चांगलेच ठाऊक आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत रानडे होते, टिळकही होते. पुढे जे ग्रामण्य उभे राहिले ते व्याख्यान ऐकल्याबद्दल नव्हते, चहाबद्दल होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. आज आपण हसतो. पण कोणाबरोबर खाल्ले यावरून आपण कोण हे ठरते, ही त्यामागची समजूत अजून मेलेली नाही. चर्चचा नियमसुद्धा याच जागी येऊन थांबतो.

नियम काय आहे ते बघा. 1917 च्या संहितेत कॅथलिकांना इतरांच्या उपासनेत सक्रिय भाग घ्यायला मनाई होती. लग्नाला, अंत्यविधीला मान राखण्यापुरते जावे, नुसते हजर राहावे, एवढीच सवलत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर 1964 मध्ये एकतेविषयीचा जाहीरनामा काढला आणि एकत्र प्रार्थनेला दार उघडले. त्याच्या आठव्या कलमात दोन तत्त्वे आहेत. उपासना ही एकतेची खूण आहे. एकता नसेल तर खूण खोटी ठरते, म्हणून सहसा मनाई. पण उपासना हे कृपेचे साधनही आहे, म्हणून कधीकधी मोकळीक. आम्ही काही चर्चचे कायदेपंडित नव्हे, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले. पण दोन तत्त्वांमधला ताण इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा कायदा क्वचितच दिसतो, हे आधी कबूल केले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात याचा प्रयोग झाला. पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात 1972 पासून दोन संघांच्या भगिनी एकत्र राहू लागल्या. एक कॅथलिक सेक्रेड हार्ट संघ, दुसरा वाँटेजचा अँग्लिकन संघ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये याच वाँटेजला झाला होता. कोणत्याही एका पंथाच्या अधिकाराखाली मान द्यायला रमाबाईंनी नकार दिला, आणि त्यावरून त्यांचा तिथल्या भगिनींशी पत्रांतून वाद झाला, हेही लक्षात ठेवा. आश्रमातल्या सिस्टर सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांच्या संबंध-कल्पनेवर संशोधन केले होते. अद्वैत म्हणजे एकसारखेपणा नव्हे. ‘दोन नाहीत’ एवढेच ते म्हणते. भेद पुसल्याशिवाय एकता नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आमची टीका इथून सुरू होते. 1964 चे कलम खूण आणि कृपा दोन्ही तराजूत घालते. 1983 ची संहिता मात्र कृपेचे पारडे फार थोड्या वेळा खाली जाऊ देते. प्रोटेस्टंट माणूस मरणाच्या दारात असेल किंवा तशीच गंभीर गरज असेल, त्याला स्वतःचा पाळक मिळत नसेल, त्याने स्वतःहून मागितले असेल, त्याची श्रद्धा कॅथलिकांसारखी असेल, तर कॅथलिक धर्मगुरू त्याला कम्युनियन देऊ शकतो. उलट बाजूने काय? कॅथलिक माणसाला ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गरजेपोटी मुभा आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या प्रभुभोजनात नाही, कारण तिथल्या पाळकांची दीक्षा रोमला ग्राह्य नाही.

आता एखादे घर घ्या, नवरा कॅथलिक, बायको चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. रविवारी तो तिच्याबरोबर जातो. गीत गातो, प्रार्थना म्हणतो, प्रवचन ऐकतो. भाकर आणि द्राक्षरस आला की जागेवर बसून राहतो. 1993 च्या मार्गदर्शिकेने अशा विवाहांची दखल घेतली, पण सहभाग अपवाद म्हणूनच ठेवला. 2018 मध्ये जर्मनीच्या बिशपांनी प्रोटेस्टंट जोडीदारासाठी वाट काढायचा प्रयत्न केला, तेव्हा रोमहून आक्षेप आला. आणि ती वाटसुद्धा एकाच दिशेची होती: तिने इकडे यावे. त्याने तिकडे जाण्याची नव्हेच. म्हणजे कॅथलिक माणूस कायम यजमान, पाहुणा कधीच नाही. ज्या घरात एकाच ताटात जेवतात, तिथे हे किती टोचत असेल, याचा विचार कायद्यात दिसत नाही.

यावर काही जण म्हणतात, देव एकच, कशाला ही बंधने? आम्हाला हेही पटत नाही. पंगतीला काही अर्थच नसेल, तर तिथे बसण्यालाही अर्थ उरत नाही. दीक्षेचा मतभेद खरा आहे, तो गोड बोलून मिटणार नाही.

पण खूण केवळ झालेली एकता दाखवत नाही, ती एकता घडवतेही. लग्नाचेच बघा ना. दोघे पूर्ण एक झाले म्हणून लग्न लागत नाही. लग्न लागते, मग आयुष्यभर एक होत जातात. विवाहाला संस्कार मानणाऱ्या चर्चने हे दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज नाही. ‘गंभीर गरज’ कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार संहितेने स्थानिक बिशपांना दिलेला आहे. निदान तिच्यासाठी तरी, असे लग्न म्हणजेच ती गरज, एवढे त्यांनी म्हणावे. त्याच्यासाठी तेवढ्याने दार उघडणार नाही, हे आम्हाला दिसते. पण मग त्याच्या न जाण्याला चर्चने शुद्धता म्हणू नये, उणीव म्हणावे.

तोवर कॅथलिकांनी जे मोकळे झाले आहे ते तरी मनापासून करावे. तिच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर मुका बसणारा माणूस अजून 1917 मध्येच आहे. गायला कोणी मनाई केलेली नाही.