रिकामा रकाना काय सांगतो? : ‘आर्चेस’ची एक समीक्षा

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी सॉफ्टवेअरवर बोलावं का, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. आमचं उत्तर असं, की हे सॉफ्टवेअर वापरायला घेतलं की पहिलाच प्रश्न तत्त्वज्ञानाचा येतो : जगात काय काय आहे असं आपण मानतो? वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म अशी पदार्थांची यादी केली. वारशाची नोंद ठेवायला बसणाऱ्याला तेच करावं लागतं.

‘आर्चेस’ ही गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी मिळून उभारलेली मुक्तस्रोत वेबप्रणाली. तिचं मूळ जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्यासाठी केलेल्या ‘मेगा-जॉर्डन’ या प्रकल्पात आहे. पहिली आवृत्ती 2013 साली आली. लॉस एंजेलिस शहराची वारसा-यादी तिच्यावर चालते. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली धोक्यात आलेली पुरातत्त्वस्थळं नोंदवणारा ‘इमेना’ प्रकल्पही तीच वापरतो. म्हणजे प्रणाली कसोटीला उतरलेली आहे.

तिचं मोठं गुणवैशिष्ट्य आम्हाला हे वाटतं, की ती घटनेला महत्त्व देते. तिच्या मागे ‘सिडॉक सीआरएम’ नावाची संकल्पनाव्यवस्था आहे. 2006 पासून ती आयएसओ 21127 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. या व्यवस्थेत वाड्याला नुसती ‘तारीख’ नसते. वाडा बांधला गेला ही एक घटना. तिला काळ असतो, कर्ता असतो, स्थळ असतं. पुढे कुणी मजला चढवला, ती दुसरी घटना. वास्तू म्हणजे एकदा घडून संपलेली वस्तू नव्हे, हा विचार इथे रचनेतच आला आहे. त्याचं कौतुक करायलाच हवं.

आता अडचणीकडे येऊ. आर्चेससोबत तयार नमुने मिळतात. त्यांना हात न लावता आपली माहिती भरत सुटायचं, हा मोह मोठा असतो. पण एखादी बारव घ्या. ती विहीर आहे, वास्तू आहे, आणि तिच्या देवळीतल्या देवाची आजही पूजा होत असेल तर देवस्थानही आहे. तयार नमुन्यात तिला ‘इमारत’ म्हटलं, की पूजा हा शेरा होऊन तळाशी जातो. शेऱ्यात गेलेली गोष्ट शोधताना सहसा हाती लागत नाही, आणि जी सापडत नाही ती हळूहळू नाहीशीच मानली जाते.

शब्दांचंही तसंच. आर्चेसच्या संज्ञाकोशात एका संकल्पनेला अनेक भाषांतली अनेक नावं जोडता येतात. सोय चांगली आहे. पण बारव, वाव, कुंड, पुष्करणी ही एकाच संकल्पनेची नावं, की चार संकल्पना? हे यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो. भाषांतराच्या घाईत चारींवर एकच शिक्का बसला, तर पुढचा अभ्यासक तो भेद परत आणणार कुठून?

शिलालेखातल्या काळाचं पाहा. शके 1600 म्हणजे इसवी सन 1678 च्या चैत्रापासून 1679 च्या फाल्गुनापर्यंत. तारखेच्या रकान्यात एकच इसवी सन लिहिलं की निम्मं सत्य गळालं. आर्चेसमध्ये काळाची अनिश्चितता नोंदवण्याची तरतूद आहे. शिवाय शिलालेखातला मूळ शक स्वतंत्र रकान्यात ठेवता येतो. मात्र तो रकाना आधी कुणाला तरी सुचावा लागतो.

सर्वांत गंभीर मुद्दा अभावाचा. नैयायिकांनी अभावाचे प्रकार सांगितले : अजून नसणं हा प्रागभाव, नष्ट होऊन नसणं हा प्रध्वंसाभाव, कधीच नसणं हा अत्यंताभाव. सिडॉकमध्ये विनाश ही घटना आहे, म्हणजे प्रध्वंसाभावाची सोय झाली. पण रिकामा रकाना काय सांगतो? पाहिलं आणि आढळलं नाही, की कुणी पाहायला गेलंच नाही? संगणकाच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. उद्या एखाद्या जागेवर बांधकामाची परवानगी देताना कुणी ही यादी उघडली आणि ‘नोंदीत काही नाही’ असा शेरा मारला, तर न पाहिलेली जागा ‘वारसा नसलेली’ ठरते. जेसीबीला एवढं पुरतं. म्हणून ‘पाहणी झाली का, केव्हा, कुणी केली’ हा रकाना आमच्या मते सक्तीचा हवा.

उलट बाजूही आहे. सगळंच उघड करणं शहाणपणाचं नाही. मूर्तिचोराला अचूक नकाशा हवाच असतो. आर्चेसमध्ये कोणती माहिती कुणाला दिसावी हे ठरवता येतं, नवी भर तपासणीनंतर स्वीकारता येते. तपासणाऱ्यांत गावचं कुणी असावं की नाही, हे मात्र प्रणाली सांगत नाही.

आणि ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे. पायथन, पोस्टग्रेस, इलॅस्टिकसर्च हे सगळं चालतं ठेवायला जाणकार माणूस लागतो, सर्व्हरचं भाडं लागतं, आवृत्ती बदलली की पुन्हा काम निघतं. अनुदान तीन वर्षांचं आणि वारसा तीनशे वर्षांचा, हे गणित जुळत नाही. छोट्या संस्थेने आधी साध्या तक्त्यात नीट नोंदी कराव्यात; रकाने विचारपूर्वक आखले असतील तर ती माहिती पुढे आर्चेसमध्ये नेता येते.

आमचा अभिप्राय असा, की साधन उत्तम आहे, पण ते विचाराची जागा घेत नाही. सर्व्हर विकत घेण्यापूर्वी इतिहासाचे अभ्यासक, गावकरी, पुजारी आणि प्रोग्रामर यांनी एकत्र बसून पदार्थांची यादी करावी. तिथे भांडणं होतील. ती तेव्हाच झालेली बरी.

आता आपले प्रश्न घेऊ.