वातावरण आणि हवा

मराठी कथा-कादंबरीच्या समीक्षेत 'वातावरणनिर्मिती' ही संज्ञा इतकी रुळलेली आहे की तिच्यातील 'वात' आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. कथानक, स्वभावरेखन, संवाद यांच्या जोडीला वातावरणाचा एक रकाना असतो. परीक्षणाच्या अखेरीस लेखकाला त्याबद्दल चार ओळींची शाबासकी मिळते आणि प्रकरण मिटते. संज्ञेचा हा वापर अर्थातच लाक्षणिक आहे. वातावरण म्हणजे मनाची एक अवस्था, वाचकाच्या चित्तावर पसरणारी एक छटा. परंतु मुंबईच्या वस्त्यांतून जे मराठी साहित्य निर्माण झाले त्याला ही संज्ञा लावताना लक्षणा सोडून अभिधेकडे वळावे लागते. तेथे वातावरण म्हणजे हवाच: खोलीत येणारी किंवा न येणारी, धुराची, धुळीची, गटाराची, श्वासाबरोबर आत जाणारी आणि माणसाचे आयुर्मान ठरविणारी. हा शब्दार्थ दृष्टीआड झाल्यामुळे ह्या साहित्यातील आजार व मृत्यू कधी नियतीचे खेळ म्हणून, कधी नीतिभ्रष्टतेचे फळ म्हणून, तर कधी निव्वळ प्रतीके म्हणून वाचले गेले.

ग्रामीण व प्रादेशिक साहित्याच्या वाट्याला हे दुर्दैव आले नाही. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) किंवा व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचताना भूमी आणि माणूस यांचे नाते रक्ताचे आहे हे समीक्षकांनी सहज ओळखले. दुष्काळ पडला की मेंढरे मरतात आणि वाडी उठते, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. महानगरातील वस्ती मात्र 'पार्श्वभूमी' राहिली. जणू नाटकाच्या मागे सोडलेला रंगविलेला पडदा. पडद्यामुळे कोणाला खोकला होत नाही.

साहित्यशास्त्राच्या जुन्या परिभाषेत हा घोटाळा अधिक नेमकेपणाने मांडता येतो. चांदणे, उपवन, मलयानिल हे उद्दीपनविभाव; ते भाव चेतवितात, त्याचा विषय होत नाहीत. भाव ज्याच्या आधाराने उत्पन्न होतो तो आलंबनविभाव. मुंबईच्या वस्तीला समीक्षेने सरसकट उद्दीपनाच्या खात्यात टाकले. वस्तुतः गिरणीच्या खात्यात तरंगणारा कापसाचा तंतू हा काही मलयानिलाचा विपरीत अवतार नव्हे. तो कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसतो, त्याची छाती आवळतो आणि वर्षानुवर्षांच्या पाळ्यांनंतर त्याचा दम कायमचा हिरावून घेतो. ज्याच्यामुळे कथेतील माणूस जगतो वा मरतो, तो कथेचा आलंबनविभाव नसेल तर दुसरे काय आहे?

ह्या वस्त्यांचा इतिहासही ह्याच दिशेने बोलतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर सरकारने ह्या शहराकडे रोगाचे आश्रयस्थान म्हणून पाहण्यास आरंभ केला. घरांची झडती झाली, भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढण्यात आली. मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरे रंगविली गेली. १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळाची, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. मंडळाने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून आरपार काढले. त्यामागे पश्चिमेचा समुद्रवारा शहराच्या पोटात खेळावा ही एक कल्पना होती. वाऱ्याला वाट मिळाली. ज्यांची घरे त्या वाटेत होती ती माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. पुढे १९२० नंतर विकास खात्याने, ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'बी. डी. डी.' हे नाव लोकांच्या तोंडी बसले, वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभारल्या. प्रत्येक बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची एक खोली. त्यांतील कितीएक खोल्या आरंभी रिकाम्याच राहिल्या, कारण कामगाराला त्यांचे भाडे जड होते.

ह्या काळातील एक आकडा समीक्षकांनीही जवळ बाळगावा असा आहे. १९२१ सालच्या मुंबईच्या नोंदींप्रमाणे एका खोलीच्या घरांत दर हजार जन्मांमागे ८०० हून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हेच प्रमाण १३३ च्या आसपास होते. कामगार स्त्रिया बाळंतपणाला गावी जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मृत्यूची मुंबईत. त्यामुळे पहिला आकडा फुगलेला आहे, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि तो वजा घातला तरी उरणारे अंतर लहान होत नाही. एक भिंत अधिक असणे आणि नसणे यांत मुलाचे जगणे-मरणे सामावलेले होते.

हे ध्यानात घेऊन 'बटाट्याची चाळ' (१९५८) उघडावी. पु. ल. देशपांडे यांच्या ह्या पुस्तकावर मराठी वाचकाने जीव ओवाळून टाकला. तथापि त्यावर लिहिताना समीक्षकांची मजल बहुधा विनोदाच्या प्रकारांपलीकडे गेलेली नाही. चाळकऱ्यांनी गच्चीसाठी उभारलेला लढा हे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील घोषणेचे विडंबन आहे, हे सर्वांनी सांगितले. पण ते भांडण गच्चीसाठीच का असावे? चाळीत मोकळी हवा विपुल मिळण्याची जागा म्हणजे गच्ची. वाळवणे, पतंग, गप्पा, उन्हाळ्यातील रात्रीची झोप आणि दुखणाईताला घटकाभर बसविण्याची सोय, हे सारे तेथे. तिचे दार कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न चाळीच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे. देशपांडे यांनी तो हास्याच्या वेष्टनात दिला, आणि वाचकांनी वेष्टनच जपून ठेवले. अखेरच्या चिंतनात चाळ गंभीर होते; तेथे विनोदकाराला आपण कशावर हसत होतो याची पूर्ण जाणीव असल्याचे दिसते. ह्या पुस्तकाची मर्यादाही येथेच आहे. पांढरपेशा चाळीत प्रकृतीच्या तक्रारी पुष्कळ आहेत, परंतु हवेने माणूस मरत नाही.

मर्ढेकरांच्या कवितेतील पिंपातल्या उंदरांविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले आहे तेवढे क्वचितच एखाद्या मूषकाच्या नशिबी आले असेल. १९४७ च्या 'काही कविता' ह्या संग्रहातील त्या उंदरांत यंत्रयुगातील माणसाचे निष्प्राण होणे पाहणे चूक नाही. मात्र त्यांचे मूळ थेट युरोपच्या युद्धोत्तर वैफल्यात शोधणाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या दफ्तराकडेही एकदा वळावयास हवे होते. ज्या शहरात उंदीर मेलेला दिसला की बिऱ्हाडे घर सोडून पळत, त्या शहरातील वाचकाला मेलेला उंदीर केवळ प्रतीक म्हणून दिसणे शक्य नव्हते. प्रतीकाला येथे आधीच वास होता.

गिरणगावाच्या व झोपडपट्टीच्या साहित्याकडे वळताच हा प्रश्न तीव्र होतो. जयवंत दळवी यांची 'चक्र' आणि बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह ही दोन्ही पुस्तके १९६३ मधली. दळवींनी झोपडपट्टीतील भूक, वासना आणि व्याधी यांचे चित्र दयेचा किंवा उपदेशाचा एकही उमाळा न आणता रेखाटले, आणि ते धैर्य मराठीत नवे होते. तथापि कादंबरीचे नावच तिची दृष्टी सांगून जाते. चक्र फिरते, आणि फिरविणारा हात दिसत नाही. वस्ती तेथे एका आदिम नियतीसारखी येते. रोग हा देहाच्या वखवखीचा उत्तरार्ध ठरतो. नळ किती अंतरावर आहे, पाणी कोण तोडतो, जमीन कोणाची, हे प्रश्न त्या गतीत विरून जातात.

बागुलांच्या दुसऱ्या संग्रहाचे नाव ह्याच्याशेजारी ठेवून पाहावे: 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९). हे नाव म्हणजे बाजारभावाविषयीचे एक विधान आहे. त्यात 'आहे' नव्हे, 'होत आहे' असे म्हटले आहे. म्हणजे क्रिया चालू आहे, आणि क्रिया आहे तेथे कर्ताही असणार. माटुंग्याच्या लेबर कँपात वाढलेल्या ह्या लेखकाला वस्ती नियती वाटत नाही, कारण माणसाला कोणत्या वस्तीत खोली मिळेल हे जात ठरविते, आणि खोली मिळाल्यावर त्याला कोणती हवा, कोणते पाणी, कोणते काम मिळेल हे ती वस्ती ठरविते, हा कार्यकारणभाव त्याने जवळून पाहिला होता. जात लपवून घर मिळविणे हा त्याच्या कथेत म्हणूनच केवळ अपमानाचा विषय राहत नाही. जिवाची बाजी लागलेली असते. बागुलांच्या शैलीवर भडकपणाचा आरोप वारंवार झाला. त्यांची वाक्ये पुष्कळदा कर्कश होतात, काही कथांचे शेवट ओढून आणलेले वाटतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भडक म्हणताना समीक्षकाच्या हाती कोणते माप होते? वर दिलेल्या १९२१ च्या नोंदीची भाषा अत्यंत संयत आहे; भडकपणा त्या वस्तुस्थितीचाच आहे.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (१९६५) अश्लीलतेचा गदारोळ उठला तेव्हा नाक्यावर उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडच्या भाषेची चिकित्सा पुष्कळ झाली. ती पोरे नाक्यावर का, हे विचारण्याचे सुचले नाही. दहा माणसांच्या खोलीत उभ्या वाढीच्या मुलाला नाक्याखेरीज जागा नसते, एवढेच त्याचे उत्तर.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपीठा'ने (१९७२) समीक्षेची खरी कसोटी पाहिली. संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे, आणि त्या वस्तीतील शब्दांचे अर्थ कवीकडून समजावून घेण्याची पाळी त्यांच्यासारख्या मुंबईकर लेखकावर आली, ही गोष्टच मराठी साहित्य आणि मुंबई यांच्यातील अंतर मोजून देते. ह्या कवितेतील गटार, पू, व्रण, घाण यांची वासलात अनेकांनी बीभत्स रसात लावली. बीभत्साचा स्थायिभाव जुगुप्सा. जुगुप्सा वाटणारा माणूस नाक धरून दूर होऊ शकतो. दूर होण्यास जागा असणे ही त्या भावाची पूर्वअट आहे. वस्तीत राहणाऱ्याला ती जागा नाही. ढसाळांच्या कवितेत म्हणूनच जुगुप्सेपेक्षा संताप अधिक आहे आणि त्याहून खोल कोठेतरी त्या जागेबद्दलची आसक्तीही आहे. रसव्यवस्थेला हे मिश्रण पेलत नाही, आणि दोष कवितेचा नाही.

येथे एक आक्षेप येणारच, की असे वाचल्यास साहित्य आणि आरोग्यखात्याचा अहवाल यांत भेद उरणार नाही. भेद आहे, आणि तो मोठा आहे. माणूस वासाला सरावतो, घराला घर म्हणतो, दुसरीकडे गेल्यावर त्याच्यासाठी झुरतो, हे अहवालाला नोंदविता येत नाही. नारायण सुर्वे यांनी 'माझे विद्यापीठ' (१९६६) असे नाव दिले ते ह्याच रस्त्याला आणि वस्तीला. चाळीची गॅलरी वाऱ्याची तशीच माणसांचीही वाट होती. शेजारचा तापाने फणफणला तर ते भिंतीपलीकडे कळत असे, खाणावळवाली बाई एकट्या कामगाराच्या पथ्याचे पाहत असे. वस्ती आजार देते आणि आजाऱ्याला उठवून बसवितेही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे हा साहित्याचा विषय आहे. बंगालीत समरेश बसू यांनी कलकत्त्याजवळच्या गिरणीवस्तीवर लिहिलेल्या 'बी. टी. रोडेर धारे' (१९५२) ह्या कादंबरीतही हेच दुहेरी नाते दिसते. मुंबईचे दुखणे केवळ मराठीचे नाही.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह त्या मोडीचे साक्षीदार आहेत. हवा स्वच्छ झाली आणि माणसे उपाशी राहिली, हा विपर्यास पवारांइतका कोणी ओळखला नाही. दरम्यान वस्त्यांचे रोग संपले नाहीत. मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' (१९६९) ज्या पाण्याच्या काठी घडते तेथेच मिठी नदी समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी लोकांच्या घरांत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. ह्या रोगाचा जंतू मुख्यतः उंदराच्या मूत्रातून पाण्यात येतो. मर्ढेकरांचा उंदीर असा पुन्हा पालिकेच्या दफ्तरात परतला.

गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला रस्ते व रेल्वे यांसाठी उठविलेल्या झोपड्यांतील कुटुंबांना सात-सात मजली इमारती मिळाल्या आहेत. प्रत्येक घराला स्वतःचा नळ, स्वतःचे शौचकूप. मागच्या पिढीचा ज्यासाठी जन्म गेला ते सर्व. मात्र इमारती एकमेकींच्या इतक्या निकट की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा दाटीच्या वसाहतींतील क्षयाचे प्रमाण मोकळ्या अंतराच्या वसाहतीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले, आणि खालच्या मजल्यांना त्याची झळ विशेष होती. ह्या इमारतींतील जगण्याने मराठी कादंबरीत अद्याप ठसठशीतपणे पाऊल टाकलेले नाही. चाळीच्या कथेला गॅलरी होती: उघडी, कठड्याची, पलीकडच्या बिऱ्हाडाशी बोलता येईल अशी. ह्या इमारतीत तिच्या जागी दोन्ही बाजूंनी दारे असलेला, दिवसाही दिवा लावावा लागणारा एक बंद बोळ आहे. त्याला तेथील लोक 'पॅसेज' म्हणतात.