आकाश आणि कपार

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व एलियट पोर्टर या दोघा अमेरिकन निसर्गछायाचित्रकारांची तुलना बहुधा कृष्णधवल आणि रंगीत एवढ्यावरच थांबते. खरा भेद वृत्तीचा आहे. अ‍ॅडम्स पियानोवादनाकडून छायाचित्रणाकडे आला. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि छापलेली प्रत हे वादन, ही त्याची भूमिका प्रसिद्धच आहे. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरचा त्याचा १९४१ सालचा चंद्रोदय पाहावा. आरंभीच्या प्रतींत आकाशात पुसट ढग दिसतात. पुढील प्रतींत त्याने ते आकाश काळेभोर करीत नेले. दफनभूमीतील क्रुसांवरचा उजेड त्यामुळे अलौकिक भासतो खरा. पण ती सायंकाळ हर्नांडेझची कमी आणि अ‍ॅडम्सची अधिक होत जाते. हा मोह आम्हां अनुवादकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

ग्लेन कॅन्यनच्या चित्रांत पोर्टर बहुधा आकाशच वगळतो. कड्यावरून परतलेला प्रकाश आणि ओल्या खडकावरची निळाई त्याला पुरते. रंगांची गडदता छापताना तोही ठरवीत असे, हे विसरता येत नाही. तरीही त्याचा शब्द मुळाच्या पुढे धावत नाही. १९६३ साली ही चित्रे ग्रंथरूपाने निघाली आणि त्याच वर्षी धरणामागे पाणी साठू लागून ती दरी बुडू लागली. मूळ संहिताच नाहीशी होत असता पोर्टरचा संयम मला अ‍ॅडम्सच्या ऐश्वर्याहून मोलाचा वाटतो. २०२२ साली अवर्षणाने जलाशय पुष्कळ उतरला, तेव्हा काही कपारी पुन्हा उघड्या पडल्या. त्यांच्या भिंतींवर क्षारांचा पांढरा लेप होता.