रूपकातली नाव आणि सागवानी नाव

सहा वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. ती आता दुकानात मिळत नाही, आणि तिचे नाव येथे सांगण्याचे कारणही नाही. परंतु या लेखाचा उगम तिच्यात आहे, म्हणून तिची थोडी हकीगत सांगणे भाग आहे. अकोल्यात मोर्णेच्या काठी राहणारा एक निवृत्त शिक्षक घराच्या अंगणात शिडाची लाकडी बोट बांधायला घेतो. लोक हसतात, बायको अबोला धरते, पुण्याचा मुलगा फोनवरून समजूत घालून थकतो. शेवटच्या प्रकरणात नदीला पूर येतो, पाणी अंगणात शिरते, बोट उचलली जाते आणि मास्तरांना घेऊन काळोखात दिसेनाशी होते. अमरावतीच्या एका सभेत वक्त्यांनी त्या बोटीला मध्यमवर्गीयाच्या मुक्तीचे प्रतीक म्हटले. मी टाळ्या ऐकल्या, शाल घेतली आणि घरी आलो.

पुढच्या महिन्यात परतवाड्याला गेलो असता माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वडिलांची गाठ पडली. ते सुतारकाम करतात; मेळघाटच्या सागाचे लाकूड त्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेले आहे. कादंबरी त्यांनी मुलीकडून वाचून घेतली होती. म्हणाले, "गुर्जी, पुस्तक बेस हाय. पण थ्या बोटीच्या खाली वजन कोठी टाकलं तुमी?" मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा ते म्हणाले, "एवढी उंच काठी उभी केली, तिले शीड बांधलं, अन् खाली काहीच नाही. कापसाची बंडी वरूनच भरत गेलं का कशी पलटते? तशीच पलटीन थे. पुरापर्यंत कायले थांबते?"

शिडाच्या उंच बोटीला बुडाशी एक जड कणा लागतो. किनाऱ्यावरचे लोक बुडाच्या त्या मधल्या लाकडाला पठाण म्हणतात; हा शब्द मला चाळिशीनंतर कोशात सापडला. त्याच्याखाली शिसे किंवा लोखंड घट्ट बसवतात. वारा शिडाला आडवे लोटतो, बोट कलते, आणि खालचे वजन तिला पुन्हा उभी करते. वजन जितके खाली, तितकी ही ओढ अधिक. आमच्याकडच्या नद्यांवर माणसे पैलतीरी नेणाऱ्या डोंग्याला याची गरज नसते, कारण त्याच्यावर शीड नसते. माझ्या मास्तरांनी मात्र तीस फूट उंच डोलकाठी उभारली होती, आणि तिच्याखाली त्यांच्या निर्मात्याने प्रतीकाशिवाय काहीही ठेवले नव्हते.

ही गोष्ट हसून सोडून देता आली असती. एका समीक्षक मित्राने तसा सल्लाही दिला. तो म्हणाला, कादंबरी म्हणजे सुतारकामाचे पाठ्यपुस्तक नव्हे. ललितकृतीतली बोट वाचकाच्या मनात तरली म्हणजे झाले. हा युक्तिवाद जुना आहे, आणि तो नेहमी आळशी लेखकाच्याच मदतीला धावून येतो असा माझा अनुभव आहे. मी काही महिने त्याच्या आश्रयाने काढले. मग कोणीतरी जोशुआ स्लोकमचे 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड' हे पुस्तक हाती दिले. ते १९०० साली प्रसिद्ध झाले. माझे इंग्रजी मास्तरकीपुरते. कोश शेजारी ठेवून मी ते वाचले, आणि त्याच्या आरंभीची काही पाने पुनःपुन्हा वाचली.

स्लोकम हा जहाजाचा कप्तान; शिडाच्या जहाजांचे दिवस सरल्यामुळे बेकार झालेला. देवमाशांची शिकार करणाऱ्या एका ओळखीच्या कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केले. तो अमेरिकेतल्या फेअरहेवन येथे ते पाहायला गेला, तर एका कुरणात कॅनव्हासखाली झाकून ठेवलेला 'स्प्रे' नावाचा जुनाट सांगाडा उभा. गावकऱ्यांना वाटले, हा आता ते मोडून सरपण करणार. त्याने जवळचेच एक ओकचे झाड स्वतःच्या कुऱ्हाडीने पाडले, त्यातून नवा कणा काढला, वाफेच्या पेटीत लाकडे मऊ करून बरगड्या वाकवल्या, दीड इंच जाडीच्या फळ्या चढवल्या. जुने एकेक लाकूड निघत गेले, त्याच्या जागी नवे बसत गेले. अखेरीस जुने किती उरले आणि नवी बोट केव्हा सुरू झाली हे त्यालाही सांगता येईना. तेरा महिने श्रम आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च, असा हिशेब त्याने मांडला आहे. त्या बासष्ट सेंटांवर माझा फार लोभ आहे. ज्याने खरोखर पैसे मोजले, त्याच्याच लेखणीतून असे बासष्ट सेंट उतरतात. मी कादंबरीत 'सारी पुंजी ओतली' असे लिहून मोकळा झालो होतो.

या पानांत वर्णनाची हौस कोठेही नाही. तरी ती मनात रुतून बसतात. याचे कारण शोधताना मला एक गोष्ट दिसली. या प्रकरणात जे जे सांगितले आहे, त्याची परीक्षा पुढे समुद्र घेणार आहे. बोटीच्या तोंडाशी बसवलेले ओकचे लाकूड तो येथे कौतुकाने दाखवतो, आणि दूर हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांजवळ तेच लाकूड प्रवाळाचा खडक दुभंगून जाते व त्याला ओरखडाही उमटत नाही, हेही सांगून टाकतो. वाक्य कुरणात लिहिले आहे, पण त्याची साक्ष पाण्यात निघाली आहे. १८९५ ते १८९८ या वर्षांत स्लोकम एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला. त्याच्या आधी हे कोणी केले नव्हते. म्हणजे त्या पहिल्या पानांतले प्रत्येक विधान जवळजवळ सेहेचाळीस हजार मैल पाण्यावर तपासले गेलेले आहे. माझ्या बोटीबद्दलचे एकही विधान गुडघाभर पाण्यातसुद्धा तपासले गेले नव्हते.

येथे सुताराचा प्रश्न स्लोकमलाही विचारायला हवा. मी तो परतवाड्याहून सोबतच घेऊन आलो होतो. उत्तर चकित करणारे आहे. 'स्प्रे'च्या कण्याखाली शिसेही नव्हते आणि लोखंडही नव्हते. सारे वजन सिमेंटच्या ठोकळ्यांचे, आत बुडाशी पक्के आवळलेले. बोट चौदा फुटांहून अधिक रुंद असल्याने ते तिला पुरले. मुद्दा असा की स्लोकमजवळ उत्तर होते.

आणखी एक जागा वऱ्हाडच्या वाचकाला विशेष वाटेल. फळ्यांमधल्या फटी बुजवताना स्लोकम आधी सुताची एक वळी ठोकून बसवतो, मग तिच्यावर तागासारखा दोर. म्हातारे कप्तान भोवती बसून पाहत होते. त्यांतल्या एकाने आक्षेप घेतला की कापूस फटीतून सरकत बाहेर येईल. तो पुढे कधी आला नाही. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसे. आमचा कापूस गादीत जातो, समईत जातो, जिनातून गिरणीत जातो, आणि भाव पडला की कथेत जातो. पाणी अडवायलाही तो असा ठोकून बसवतात हे मला ठाऊक नव्हते. लाकूड पाण्याने फुगते, कापूस दाबला जातो आणि फट मिटते. कापसाविषयी मी दोन कथा लिहिल्या आहेत; त्यांत हा कापूस नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारे परमुलखातले. तर तसे नाही. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजाने कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शर्यतीत नऊजण उतरले, पुरी केली ती त्याने एकट्याने, ३१२ दिवसांत. त्याची 'सुहैली' ही बत्तीस फुटी सागवानी बोट मुंबईत, कुलाब्याला बांधलेली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. आपल्या इकडच्या कारागिरांनी वाकसाने लाकूड तासले, दोरीच्या कमठ्याने सामता फिरवून भोके पाडली. शर्यतीच्या आरंभीच अटलांटिकमध्ये कण्याजवळच्या फटीतून पाणी शिरू लागले. लाकडी बोटीचा सर्वांत नाजूक सांधा तोच. नॉक्स-जॉन्स्टनने बोटीखाली बुडी मारली, श्वास कोंडून फटीत कापूस ठोकला, आणि तो निघू नये म्हणून वरून कॅनव्हास व तांब्याची पट्टी ठोकून बसवली. मधेच शार्क आला, त्याला बंदुकीने मारावे लागले. हा प्रसंग त्याच्या 'ए वर्ल्ड ऑफ माय ओन' या पुस्तकात वाचताना माझे लक्ष शार्कवर राहिले नाही. त्याच फटीत पहिला कापूस कुलाब्याला ज्याने ठोकला असेल, त्याच्याकडे ते सारखे जात होते. तो कोठे राहत होता? घरी जाऊन बायकोला काय सांगत होता? पुढे ती बोट जगभर फिरून आल्याचे त्याला कोणी कळवले का? या माणसाची कादंबरी मराठीत माझ्या वाचनात नाही.

आणि हे काम मुंबईला नवे नव्हते. वाडिया घराण्याच्या हाताखाली मुंबईच्या गोदीत सागवानी युद्धनौका बांधल्या गेल्या. १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत उभी आहे. तिला दोनशे वर्षे होऊन गेली. आपल्या वाङ्मयात मात्र नाव येते ती बहुधा कीर्तनातून. भवसिंधू, पैलतीर, नावाडी सद्गुरू. मग भावगीतातली नौका, मग नवकथेतली किनाऱ्याला लागलेली फुटकी होडी. संतांनी हे रूपक वापरले तेव्हा त्यांच्या श्रोत्यांनी नदी खरोखर ओलांडलेली असे, आणि नाव उलटलेलीही पाहिलेली असे. रूपकाखाली वजन होते. आम्ही काठी आणि शीड तेवढे उचलले.

वऱ्हाडात समुद्र नाही, ही सबब मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. पण गो. नी. दांडेकर परतवाड्याला जन्मले (१९१६), आणि 'शितू' (१९५३) व 'पडघवली' (१९५५) या कादंबऱ्यांतले कोकण त्यांनी पायी हिंडून मिळवले. तेव्हा ती सबब त्याच गावाने काढून घेतली आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बोट बांधण्यावरची सगळीच पुस्तके वाचनीय नसतात. सांगाडा उभा राहीपर्यंत लेखक ठीक असतो. पुढे बोट सजवायची वेळ आली, म्हणजे डोलकाठी, दोर, कप्प्या, पंप, दिवे, पाण्याच्या टाक्या, चूल, की यादी सुरू होते आणि वाचक झोपतो. येथेही स्लोकमकडून शिकावे. त्याचे घड्याळ दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडणार होते, म्हणून त्याने ते घरीच ठेवले, आणि वाटेत दीड डॉलरचे पत्र्याचे घड्याळ तबकडी फुटलेली म्हणून एका डॉलरला घेतले. बाकीच्या साहित्याबद्दल तो फारसे बोलत नाही. त्या एका घड्याळात साऱ्या बोटीची गरिबी आणि मालकाचा आत्मविश्वास आला आहे.

अगदी अलीकडचे उदाहरण आपले आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. छप्पन्न फुटी 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. अंग लाकडाचे, वर काचतंतूचा थर. दोंदे स्वतः तिच्या बांधणीत राबले. त्यांनी हकीगत लिहिली ती इंग्रजीत, 'द फर्स्ट इंडियन' या नावाने. मराठी आडनावांची माणसे, मराठी समजणारा किनारा, आणि पहिला ग्रंथ इंग्रजीत. हा दोष मी त्यांच्या माथी मारत नाही. फळीला, फटीला, वजनाला लागणारे शब्द मराठी गद्याने हाताशी तयार ठेवले आहेत काय, हा प्रश्न आम्हा लेखकांनी एकमेकांना विचारायचा आहे. पठाण, वाकस, सामता हे लिहिताना मलाच शंका येते की संपादक खाली अर्थ द्यायला सांगतील.

माझी कादंबरी मी पुन्हा लिहायला घेतली आहे. 'स्प्रे'सारखेच चालले आहे. एक फळी काढायची, एक बसवायची. मास्तरांना आता मुंबईच्या भंगारवाल्याकडून शिसे आणावे लागते, ते अंगणात वितळवावे लागते, आणि त्या धुरामुळे बायकोचा अबोला सुटून भांडण सुरू होते. हे प्रकरण पहिल्या खर्ड्यात नव्हते. शिसे नव्हते म्हणून भांडणही नव्हते. गेल्या महिन्यात हा भाग घेऊन परतवाड्याला गेलो. मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवून सगळा ऐकला. शिशाच्या भागावर मान हलवली. कण्याचे लाकूड किती वाळलेले घेतले ते विचारले. मला सांगता आले. मग बिडी पेटवून म्हणाले, "बोट किती रुंद म्हणता?"

"साडेनऊ फूट."

"अन् अंगणाचं फाटक?"

मी वहीत पाहिले. पहिल्याच प्रकरणात, मास्तर सायकल आत घेतात तेथे, मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते : फाटक चार फुटी होते.