प्रार्थनासेवेचे टिकणे आणि तिची भाषा : वाशीम जिल्ह्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

ख्रिस्ती मंडळीच्या जीवनात उपासना आणि प्रार्थनासेवा या दोन गोष्टी परस्परसंबद्ध असल्या, तरी एकरूप नव्हेत. उपासनेला ठरलेला वार असतो, ठरलेला क्रम असतो आणि ती चालविणारा पाळक असतो. प्रार्थनासेवा म्हणजे मंडळीतील सामान्य माणसांनी आजाऱ्यासाठी, अडलेल्यासाठी, परगावी गेलेल्यासाठी आणि एकंदर गावासाठी नियमाने केलेली मध्यस्थी. पहिलीचा भार संस्था वाहते, दुसरीचा भार माणसांनाच वाहावा लागतो. त्यामुळे पहिली पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते आणि दुसरी पुनःपुन्हा सुरू होऊन पुनःपुन्हा थांबते. या थांबण्याचे कारण बहुधा उत्साहाच्या अभावात शोधले जाते व उपायही नव्या उत्साहाचाच सुचविला जातो. हे निदान अपुरे आहे. प्रार्थनासेवेचे टिकणे हा पुष्कळ अंशी भाषेचा प्रश्न आहे. म्हणजे प्रार्थनेत तोंड कोणी उघडावयाचे आणि कोणत्या बोलीत, याचा प्रश्न आहे.

वाशीम जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार येते. १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धार्मिक वाङ्मयाच्या व आचाराच्या दृष्टीने संपन्न आहे. कारंजा येथे जैनांचे प्राचीन ग्रंथभांडार आहे व तेच नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान मानले जाते. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली. तीत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. येथील प्रॉटेस्टंट कार्याचा आरंभ मेथडिस्ट मिशनने केला व पुढे ते नाझरीन मंडळीकडे आले. त्या मंडळीचे वऱ्हाडातील आधीचे केंद्र बुलढाणा होते. १९३६ साली भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या परिश्रमाने वाशीम येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. जेथे मंडळी संख्येने लहान आहे, तेथे एक बोलका वडीलधारा माणूस बदलीने वा मृत्यूने दूर होताच प्रार्थनामंडळ मुके होण्याचा संभव असतो. मोठ्या मंडळीत जी उणीव झाकली जाते, ती येथे उघडी पडते.

मराठी ख्रिस्ती समाजातील प्रार्थनासेवेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनातील १९०५ ची जागृती. हिची वर्णने बहुधा जून १९०५ च्या अखेरीपासून सुरू होतात. मुलींचे रडणे, पापकबुली, एकाच वेळी शेकडो कंठांतून निघालेली मोठ्याने केलेली प्रार्थना ही चित्रे वाचकाच्या मनावर ठसतात आणि जागृती अकस्मात वरून उतरली अशी त्याची समजूत होते. ती आध्यात्मिक दृष्टीने खरी असेल वा नसेल. इतिहासाच्या दृष्टीने मात्र अपुरी आहे. वेल्समधील जागृतीची वार्ता आल्यानंतर, जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेस बसणाऱ्या स्त्रियांचे एक मंडळ बनविले. आरंभी सुमारे ७० जणी होत्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० वर गेली. म्हणजे उद्रेकापूर्वी जवळजवळ सहा महिन्यांची नियमित बैठक होती. सदनाच्या इंग्रजी नियतकालिकाचे नाव ‘मुक्ति प्रेयर बेल’ होते, हेही लक्षणीय आहे. घंटा ही उत्साहाची खूण नसून वेळेची खूण असते.

दुसरी गोष्ट भाषेची. सदनातील सर्वच मुली पुण्याकडच्या नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून. एकत्र मोठ्याने प्रार्थना करण्याच्या पद्धतीत प्रत्येकीला आपल्या तोंडची भाषा वापरता येत होती. दुसरीचे शुद्धाशुद्ध ऐकून आपण गप्प बसण्याचे कारण उरत नव्हते. टीकाकारांनी या पद्धतीस गोंगाट म्हटले. भाषाव्यवहाराच्या दृष्टीने पाहता त्या गोंगाटाने एक मोठे काम केले: त्याने प्रार्थनेतील श्रोता नाहीसा केला. जेथे मानवी श्रोता नाही, तेथे भाषेची परीक्षाही नाही.

मुक्तिसदनाच्या उदाहरणाशेजारी मराठीतील आणखी दोन उदाहरणे ठेविली, म्हणजे प्रश्नाची मांडणी पुरी होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले व पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकातील छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. तरीही १९०७ साली मंगळूर येथे साल्ढाणा यांना हस्तलिखितांवरून हा ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध करता आला. छापखाना व शासन या दोहोंचा आधार सुटला असताना ग्रंथ जगला, तो लोकांनी वाचला, गाइला व उतरवून घेतला म्हणून. ओवीच्या घाटाचे हे सामर्थ्य आहे. परंतु पुराण ऐकावयाचे असते. त्यात मंडळीची भूमिका मुख्यतः श्रोत्याची आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी या भूमिकेत पालट घडविला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांच्या पूर्वीही कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर ख्रिस्ती पदे रचिली होती. तथापि अभंग, भजन व कीर्तन हे मराठी भक्तीचे साचे ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय टिळकांनाच द्यावे लागते. ‘उपासना-संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे. निरक्षर माणसाला अभंग पाठ होतो आणि पाठ झालेला अभंग त्याचा होतो. १९१७ साली स्थापिलेल्या ‘देवाचा दरबार’ या बंधुमंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते, यावरून हा साचा मंडळीच्या भिंतीबाहेरही पोहोचावा असा त्यांचा हेतू दिसतो. येथे मंडळी श्रोता न राहता गायक झाली.

आता तीन भूमिका स्पष्ट होतात: श्रोता, गायक आणि याचक. पहिल्या दोन भूमिकांना लागणारी भाषा ग्रंथकार व कवी पुरवितात. तिसरीला लागणारी भाषा कोणी पुरवू शकत नाही. ‘माझ्या मुलाला काम मिळू दे’, ‘नवऱ्याची दारू सुटू दे’ ही वाक्ये गीतसंग्रहात नसतात व असावयाचेही कारण नाही. प्रार्थनासेवा नेमकी या तिसऱ्या भूमिकेवर उभी आहे. मराठी मंडळ्यांनी ऐकण्याची व गाण्याची परंपरा मोठ्या निष्ठेने जोपासली. मागण्याची भाषा मात्र पाळक, बायबलवुमन व काही वक्ते वडील यांच्या स्वाधीन केली. येथेच प्रार्थनासेवेच्या अल्पायुष्याचे मूळ आहे.

साधी भाषा वापरली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे वेचून बायबलचे जे मराठी भाषांतर केले, त्यामागे सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला समजेल असे शास्त्र तिच्या हाती द्यावे हीच प्रेरणा होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. प्रयत्न असामान्य होता. परंतु मराठी मंडळ्यांच्या सर्वसाधारण वाचनात ते रूढ झाले नाही. लोकांसाठी सोपी केलेली भाषा आणि लोकांची भाषा यांत अंतर राहतेच. पहिली समजते, दुसरी बोलता येते. प्रार्थनासेवेला दुसरीची गरज आहे.

वाशीमची बोली वऱ्हाडी होय. ‘मला’ ऐवजी ‘मले’, ‘माझ्या’ ऐवजी ‘माह्या’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ ही तिची ठळक लक्षणे सर्वपरिचित आहेत. प्रार्थनेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते तिच्या आज्ञार्थातील ‘-जो’ हे रूप: येजो, सांगजो, सांभाळजो. ‘सांभाळ’ म्हणताना मागणी तत्काळ असते. ‘सांभाळजो’ म्हणताना बोलणारा आपली गोष्ट ऐकणाऱ्याच्या स्वाधीन करतो. ती पुढे, योग्य वेळी व्हावी, विसरली जाऊ नये, एवढेच तो सुचवितो. गावाला निघालेल्या मुलाला आई ‘पोचल्यावर फोन करजो’ म्हणते, त्यात आज्ञा, विनवणी व विश्वास हे तिन्ही असतात. ‘देवा, माह्या लेकराले सांभाळजो’ या वाक्यात मध्यस्थीच्या प्रार्थनेचे सारे व्याकरण आले आहे. प्रमाण मराठीत हा अर्थ आणावयाचा तर ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’, ‘तुझ्या समयी’ अशी पदे जोडावी लागतात. तरीही हेच रूप मंडळीत उच्चारताना बोलणारा संकोचतो, कारण ते त्याला अशुद्ध वाटते.

येथे एक विरोधाभास नोंदण्याजोगा आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली, म्हणजे मुक्तिसदनातील जागृतीच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. बोलींच्या नमुन्यांसाठी या सर्वेक्षणाने जो समान उतारा निवडला, तो शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला होता. शासनाच्या भाषाशास्त्रीय कार्यासाठी शास्त्रातील मजकूर बोलींत उतरला. मंडळीच्या प्रार्थनेत मात्र बोलीला सन्मानाचे स्थान मिळाले नाही.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की भक्तीला भारदस्त भाषाच शोभते व ती लोकांनाही हवी असते. यात तथ्य आहे. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली मांडलेली द्विस्तर भाषाव्यवहाराची कल्पना प्रमाणभाषा व बोली यांच्या संबंधास काटेकोरपणे लागू पडत नाही. पण धर्मकार्यासाठी समाज वरच्या स्तराची भाषा राखून ठेवतो, हे तिच्यातील निरीक्षण येथे उपयोगी आहे. शिवाय अनेक मराठी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. देवपित्याला ‘तू’ म्हणण्याची रीत घरातून आलेली नसून भक्तिपरंपरेतून आलेली आहे. म्हणजे प्रार्थनेची भाषा घरगुती भाषेहून काही अंशी वेगळी असणारच. म्हणून प्रमाण भाषेची हकालपट्टी करणे हा उपाय नव्हे. स्तोत्र, शास्त्रवाचन व गीत यांची चौकट ग्रांथिक भाषेत राहावी. तिच्या आतील मागणीचा भाग ज्याच्या त्याच्या बोलीत असावा. जिल्ह्यातील बंजारा भाषिकाच्या बाबतीत ही बोली वऱ्हाडीही नसून गोरमाटी असेल, हेही ध्यानात ठेविले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की चौकट आली की यांत्रिकता आली. यावर वऱ्हाडातीलच एक दाखला पुरेसा आहे. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारा विदर्भातील खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थना रुजविली. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’तही या प्रार्थनेचा पुरस्कार आहे. १९६८ साली महाराज निवर्तले, तरी प्रार्थना थांबली नाही. कारण ठरलेली वेळ, ठरलेली जागा, एकत्र बसण्याची शिस्त व सर्वांना येणारी पदे यांवर ती उभी होती. त्या प्रार्थनेचा आशय निराळा आहे व तिचे अनुकरण ख्रिस्ती मंडळीने करावे असे सुचवावयाचे नाही. परंतु प्रवर्तकाच्या पश्चात सामूहिक प्रार्थना कशी जगते, याचे उत्तर वाशीमच्या मंडळीला वेल्समध्ये शोधण्याची गरज नाही. ते मोझरीइतके जवळ आहे.

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष व्यावहारिक आहेत. बैठक लहान असावी, म्हणजे बुजणाऱ्यालाही बोलता येईल. वेळ व क्रम ठरलेला असावा, म्हणजे चालक बदलला तरी बैठक मोडणार नाही. चालकाचे काम पाळीपाळीने सर्वांकडे जावे व त्यात स्त्रियांचा व अल्पशिक्षितांचा समावेश असावा. मागण्यांची वही ठेवावी. तीत दिलेल्या उत्तरांचीही नोंद असावी, परंतु एखाद्याच्या घरातील दुःखाची वाच्यता बैठकीबाहेर होऊ नये, कारण एकदा विश्वास उडाला की मागणेच थांबते. आणि कोणाच्या तोंडचे ‘मले’ कोणी ‘मला’ करू नये.

संशोधकासाठीही येथे काम आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात छापील गीत, चरित्र व भाषांतर यांची चर्चा पुष्कळ झाली आहे; उत्स्फूर्त प्रार्थनेच्या बोलीरूपाचा, तिच्या आज्ञार्थांचा व संबोधनांचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा. तो संबंधितांच्या संमतीनेच करावा लागेल, कारण ही भाषा प्रदर्शनासाठी बोलली जात नाही.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील मुलगा बापाजवळ काय बोलावयाचे ते आधी मनाशी जुळवून ठेवतो आणि ते भाषण पुरे होण्यापूर्वीच बाप त्याचा स्वीकार करतो. जुळवून ठेवलेले वाक्य त्याला घरापर्यंत आणण्यास उपयोगी पडले. स्वीकार मात्र वाक्याच्या शुद्धतेवर अवलंबून नव्हता. प्रार्थनासेवेतील चौकट व मोकळीक यांचा संबंध याच स्वरूपाचा आहे, आणि दोहोंपैकी एकीचा त्याग करणारी मंडळी ती सेवा फार काळ चालवू शकत नाही.