अनोळखी उपासकाकडे कोणी पाहिले?

हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन लेखकाची ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ साली प्रसिद्ध झाली. पांढरा देवमासा आणि त्याचा सूड घ्यायला निघालेला कप्तान आहाब यांच्यासाठी ती जगभर वाचली जाते. प्रवचन करणाऱ्यांना मात्र तिच्यातील फादर मॅपल यांचे योना संदेष्ट्यावरील प्रवचन खुणावते. या प्रवचनाच्या तेजाने एक छोटा प्रसंग झाकोळून गेला आहे. माझ्या मते, त्या रविवारच्या उपासनेचे मर्म त्याच प्रसंगात आहे.

कथा सांगणारा इश्माएल नँटकेट बेटाकडे जाता जाता न्यू बेडफर्ड बंदरात थांबला आहे. रविवारी, बर्फमिश्रित पावसात, तो तेथील खलाशांच्या प्रार्थनामंदिरात जातो. आत थोडेसे खलाशी, त्यांच्या बायका व विधवा एकमेकांपासून दूर दूर बसल्या आहेत. भिंतींवर काळ्या किनारीच्या संगमरवरी शिला आहेत. समुद्रात गेलेल्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत आणि सर्वांचे डोळे त्या अक्षरांवर खिळले आहेत. इश्माएल आत आल्याचे एकाच माणसाच्या ध्यानात येते. तो म्हणजे आदल्या रात्री खाणावळीत इश्माएलबरोबर एकाच बिछान्यावर झोपलेला क्वीक्वेग. दक्षिण समुद्रातील बेटावरचा, अंगभर गोंदलेला हा मूर्तिपूजक आहे. त्याचे लक्ष का गेले, याचे कारण मेल्व्हिल साधेपणाने देतात : त्याला वाचता येत नव्हते, म्हणून तो शिला वाचत नव्हता.

येथे लेखकाने त्या भाविकांना दोषी ठरवलेले नाही, हे लक्षात घ्यावे. ज्यांच्या माणसांना थडगेही लाभले नाही, त्यांना त्या शिलांशिवाय डोळे टेकवायला जागा कोठे होती? सागरकिनाऱ्यावरील आपल्या कोळी बांधवांच्या घरांना हे दुःख परके नाही. मेल्व्हिल यांना दाखवायचे आहे ते याहून कठीण सत्य आहे. खरे, पवित्र दुःखही माणसाला बेटासारखे करून टाकते आणि दारातून आत आलेला परका त्याला दिसत नाही.

फादर मॅपल हे जाणतात. विखुरलेल्या भाविकांना ते प्रथम जवळ जवळ बसायला सांगतात. मग जवळजवळ सारे मिळून स्तोत्र गातात आणि तो स्वर बाहेरच्या वादळावर मात करतो. प्रवचनात ते स्वतःला श्रोत्यांहून मोठा पापी म्हणवतात. पण हेच मॅपल दोराच्या शिडीने व्यासपीठावर चढून ती शिडी वर ओढून घेतात. आशीर्वाद दिल्यावर ते तोंड झाकून गुडघ्यांवर राहतात आणि सारे निघून गेल्यावर एकटे उरतात. परक्या तरुणाशी कोणी दोन शब्द बोलल्याचे कादंबरी सांगत नाही. क्वीक्वेग तर आशीर्वादापूर्वीच उठून गेलेला असतो.

वाचकांच्या स्मरणात मात्र व्यासपीठच राहिले. न्यू बेडफर्डमधील ‘सीमेन्स बेथेल’ हे खरे प्रार्थनामंदिर १८३२ सालचे आहे. गलबताच्या नाळेसारखे व्यासपीठ तेथे मुळात नव्हतेच. १९५६ च्या चित्रपटानंतर पर्यटक ते शोधू लागले, म्हणून १९६१ मध्ये तसे एक तेथे बसवण्यात आले. निरक्षर क्वीक्वेगची नजर कोणी शोधत येत नाही.

या चित्रणावर एक आक्षेप घेता येईल. निरक्षर ‘रानटी’ माणूस सुसंस्कृतांहून निर्मळ असतो, ही त्या काळातील लेखकांची आवडती कल्पना होती आणि मेल्व्हिल तिच्यापासून पूर्णपणे सुटलेले नाहीत. तरीही क्वीक्वेगची ती नजर म्हणजे प्रेम, असे ते म्हणत नाहीत. तिच्यात आश्चर्य आणि कुतूहल एवढेच आहे. प्रेम नंतर येते. खाणावळीत तो आपल्याजवळचे सुमारे तीस डॉलर काढतो, त्यांचे दोन सारखे वाटे करतो आणि एक इश्माएलपुढे सरकवतो. आधी पाहणे, मग वाटून घेणे, हा क्रम आपल्याला अपरिचित नसावा. पुढे जहाजाचा एक मालक, कप्तान बिल्डाद, क्वीक्वेग कोणत्या चर्चचा सभासद आहे असे दरडावून विचारतो. तेव्हा इश्माएल साऱ्या उपासक मानवजातीच्या एकाच मंडळीचे नाव घेतो. या उत्तरात विनोद आहे, आणि धर्मशास्त्राच्या कसोटीवर ते पुरेसे ठरणार नाही. पण ते उत्तर त्याला प्रार्थनामंदिरातल्या त्या नजरेने शिकवले आहे, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. आपण त्याचा अर्थ गायन, वाचन आणि प्रतिसाद एवढाच घेतो. संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्याही आधीची गोष्ट सांगतो : सभेत नवा माणूस येतो, तेव्हा आपण त्याला कोठे बसवतो? आज कामधंद्यासाठी गाव सोडून आलेले किती तरी कॅथलिक आपल्या मिस्सांना मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जातात. पुस्तकातून डोळे वर न काढणाऱ्या आपल्यासारख्या साक्षरांनी मेल्व्हिल यांची ही तीन प्रकरणे, सातवे ते नववे, अवश्य वाचावीत. प्रवचनासाठी वाचावीतच, परंतु त्याआधी त्या बाकावरील वळलेल्या मानेसाठी वाचावीत.