सेनापतीचा निरोप

अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर यांचे निरोपाचे भाषण लोकांना ठाऊक असते ते एका शब्दप्रयोगापुरते : लष्करी-औद्योगिक संकुल. १७ जानेवारी १९६१ रोजी, केनेडींच्या शपथविधीला तीन दिवस उरले असताना, त्यांनी ते दूरचित्रवाणीवरून केले. पुढे तो शब्दप्रयोग युद्धविरोधकांनी इतका वापरला की मूळ भाषण एखाद्या शांततावाद्याचे असावे असेच वाटू लागते. सबंध भाषण वाचले की हा समज टिकत नाही.

कारण इशाऱ्याआधी कबुली येते. शस्त्रसज्जता हवीच, असे ते आधी बजावतात. मग थोडा इतिहास : दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत कायमचा शस्त्रोद्योगच नव्हता, नांगराचे फाळ करणारेच वेळ पडली तर तलवारी घडवत. आता ३५ लाख माणसे संरक्षणाच्या कामाला जुंपलेली आहेत आणि देशातल्या सगळ्या कंपन्यांच्या निव्वळ उत्पन्नाहून अधिक पैसा त्यावर दरसाल खर्च होतो आहे. आकडे इथेच संपतात. त्यांच्या पाठोपाठ येणारे वाक्य मला या भाषणाचा गाभा वाटते : या संकुलाच्या हाती अवाजवी सत्ता जाऊ देऊ नका, मग ती त्याने मागितलेली असो वा नसो.

शेवटचे चार-पाच शब्द गाळून पाहा. उरतो तो कारस्थानाचा आरोप. असे आरोप कुणीही करतो. त्या शब्दांमुळे खलनायकच नाहीसा होतो. कारखान्यात रोजगार आहे, म्हणून त्या भागाचा लोकप्रतिनिधी कंत्राट टिकावे म्हणून झटतो. सेनापतीला नवे विमान हवे असते. प्रत्येक जण आपापले काम चोख करतो आणि सत्ता सरकत जाते. नॉर्मंडीच्या स्वारीचे नेतृत्व केलेल्या माणसाला हे बाहेरून शिकावे लागले नव्हते. मसुद्यावर माल्कम मूस आणि राल्फ विल्यम्स या लेखनसहायकांचा हात फिरला होता हे खरे, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडी हे शब्द भाबडे ठरले असते.

लगेच येणारा दुसरा इशारा जवळजवळ विसरला गेला. आपल्या खोलीत एकटाच खटपट करणारा संशोधक मागे पडला, विद्यापीठात कुतूहलाची जागा सरकारी कंत्राटाने घेतली, असे ते म्हणतात. आणि त्याच दमात धोरणे शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांच्या मूठभर वर्गाच्या ताब्यात जाण्याची भीतीही व्यक्त करतात. अनुदानाच्या अर्जात संशोधनाचा विषय बेतून बसवणाऱ्या आजच्या प्राध्यापकांना पहिला भाग समजावून सांगायला नको. नातवंडांची मालमत्ता गहाण टाकून आज चैन करू नका, हा तिसरा उपदेश मात्र वडीलधाऱ्यांच्या सुरातला आहे. तिथे भाषण जरा सैल पडते.

पण नि:शस्त्रीकरणापाशी ते पुन्हा ताठ होते. या बाबतीत आपण निराश मनाने पायउतार होत आहोत, असे ते सरळ सांगतात. निराशा खरी असेल. हिशेब मात्र अपुरा आहे. त्यांच्याच आठ वर्षांत अमेरिकेचा अण्वस्त्रसाठा हजारभरावरून अठरा हजारांच्या वर गेला, कारण मोठ्या फौजा पोसण्यापेक्षा अणुबाँबचा धाक स्वस्त पडतो हे त्यांच्याच सरकारचे धोरण होते. भाषणात त्या निर्णयाबद्दल एक अवाक्षर नाही.